बिअर म्हणजे पाणी नव्हे, बॉस!

मे महिन्यात सेमाडोहचा प्लॅन ठरला, की ग्रुपमधला एक तरी म्हणतोच, ‘‘चिल्ड बिअर घेऊ यार, उन्हात गारवा!’’ कसला गारवा? शरीरात पाणी धरून ठेवणाऱ्या हार्मोनलाच अल्कोहोल गप्प करतं. म्हणून तर सारख्या ‘वाऱ्या’! त्यात घाम वेगळाच. आणि मेळघाट म्हणजे गर्द सावली, हा आपला पुणे-मुंबईवाल्यांचा गोड गैरसमज. सागाची पानं उन्हाळ्यात गळालेली असतात. चिखलदरा उंचावर, सेमाडोह मात्र खाली, सिपना नदीच्या खोऱ्यात.

आमच्यातल्या एकाला तिथे भर दुपारी मळमळायला लागलं, डोकं ठणकायला लागलं. सगळ्यांचं एकच, ‘‘चढलीय, झोपू दे.’’ मला भीती या वाक्याचीच वाटते. बरळणं, तोल जाणं, उलट्या हे दारूनंही होतं आणि उष्माघातानंही. अंगाला हात लावून बघा. चटका बसण्याइतकं तापलंय आणि बोलणं असंबद्ध आहे? मग अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि तसंच करत थेट दवाखाना गाठा. क्रोसिन देत बसू नका, या तापावर ती चालत नाही. शुद्ध नसेल तर तोंडात पाणीही ओतू नका.

आमचा हीरो शुद्धीत होता, अंगही फार तापलेलं नव्हतं. सावलीत मीठ-साखरेचं पाणी घोटघोट पाजलं. संध्याकाळी त्याचा पहिला प्रश्न : ‘‘उरलेल्या बाटल्या कुठायत?’’