दाराशी कपाट करावे का?

वरळीच्या बी.डी.डी. चाळीतल्या पहिल्या कुटुंबांना २०२५ साली नव्या घराच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांची खोली जाऊन ५०० चौरस फुटांचे घर आले. झोपडपट्टी पुनर्वसनात ३०० चौरस फूट मिळतात. नव्या घरात सुतार विचारतोच, "दाराशी कपडे टांगायचे कपाट करू का?"

हो म्हणण्याआधी टेप घ्या. हँगरवर कपडे टांगायचे तर कपाट दोन फूट खोल लागते. रुंदी तीन फूट धरली, तर ६ चौरस फूट गेले. मुलांच्या अभ्यासाच्या टेबलाला तेवढीच जागा लागते. हा हिशेब घरात सर्वांनी बसून करावा.

जाड कोट थंड मुलखात रोज लागतात. आपल्याकडे दाराशी लागते ती रेनकोट, छत्री, हेल्मेट आणि चपलांची सोय. ओला रेनकोट बंद कपाटात ठेवला की बुरशी धरतो, वास मारतो. त्यापेक्षा भिंतीवर चार खुंट्या, खाली पाणी गळायला ट्रे आणि आठ-नऊ इंच खोलीचा तिरप्या फळ्यांचा चप्पल-स्टँड पुरे. दाराआड आयता कोनाडा असेल, तर मात्र कपाट खुशाल करा.

घरात मावत नाही म्हणून स्टँड बाहेर पॅसेजमध्ये ठेवू नका. आग लागली किंवा आजारी माणसाला स्ट्रेचरवरून न्यायचे झाले, तर तीच वाट सगळ्यांची असते.

सुताराला आधी टेबल करायला सांगा. कपाटाचे पुढे बघता येईल. मुलांची शाळेची वर्षे थांबत नाहीत.