जाताना ‘कुठं’ ते सांगून जा

घराबाहेर पाऊल टाकणाऱ्याला ‘कुठं चाललात?’ असं विचारणं आपल्याकडं अपशकुनाचं समजतात. कुणी विचारलंच तर माणूस कपाळाला आठी घालतो, दोन मिनिटं ओट्यावर टेकतो, घोटभर पाणी पितो आणि मग निघतो. म्हणून घरची बाई विचारत नाही आणि निघणारा सांगत नाही. ‘येतो जरा रानाकडून’ एवढ्यावर भागतं. रान कोणतं, नदीकाठचं की माळावरचं? येणार कधी, जेवायला की सकाळी? हे घरच्यांनी अंदाजानं ओळखायचं.

रब्बीत हा अंदाज महागात पडतो. सौर वाहिनीमुळं दिवसा वीज मिळू लागलेली गावं सोडली, तर बाकीच्यांची रात्रपाळी अजून सुटलेली नाही. लाइट आली की एकटाच माणूस अंधारात बारे मोडायला जातो. रानडुकरं आणि रोह्यांपायी जागलीला जाणारा तर रात्रभर आखाड्यावरच. त्याला पान लागलं, विहिरीच्या काठावरून पाय घसरला, ओल्या हातानं स्टार्टरला धरलं, तर काय होतं बघा. घरी समज असा की ते आखाड्यावर मुक्कामी राहिले. आखाड्यावरच्या गड्याचा समज असा की मालक घरी गेले. दोघंही निर्धास्त झोपतात. मण्यार चावली तर पुष्कळदा दुखत नाही की सूजही येत नाही. पापण्या जड होतात, बोबडी वळते, मग श्वास अडतो. त्यावर प्रतिविष मिळतं, पण ते वेळेत दवाखान्यात नेलेल्याच्या उपयोगाचं.

ही चूक शिकलेसवरलेलेही करतात. 2003 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात ॲरन राल्स्टन नावाचा मुरलेला गिर्यारोहक एकटाच एका अरुंद घळीत उतरला. दगड निसटला आणि हात त्याखाली अडकला. कोणत्या घळीत जातोय हे त्यानं कुणालाही सांगितलं नव्हतं. पाच दिवस वाट पाहून शेवटी त्यानं स्वतःचा हात स्वतःच कापला, तेव्हा सुटला.

‘आता मोबाइल आहे की खिशात’ असं म्हणणाऱ्यांसाठी आपल्याच राज्यातली गोष्ट सांगतो. 2022 च्या मे महिन्यात दिल्लीचा एक तरुण लोणावळ्याजवळच्या नागफणी कड्याकडं एकटाच गेला. जंगलात वाट चुकली. चुकल्याचा फोन त्यानं आपल्या माणसांना केलाही, पण पुढं फोन बंद पडला. बचाव पथकं, पोलीस, सगळे शोधत होते. चार दिवसांनी दरीत मृतदेह मिळाला. मी चुकलोय हे कळलं होतं, नेमका कुठं आहे हे कळलं नव्हतं. शोधणाऱ्याला दुसरी गोष्ट लागते. म्हणून बॅटरी थोडी उरली असेल तर रडगाणं कमी आणि ठिकाण आधी. रेंज तुटक असेल तर बोलण्याच्या नादी न लागता मेसेज टाकावा, तो पुष्कळदा निघून जातो.

सांगायचं तेही नीट सांगावं. रात्री एक वाजता ‘उद्या सकाळी येतो’ म्हटलं तर उद्या म्हणजे उजाडणारी सकाळ की त्याच्या पुढची? ‘सातला आलो नाही तर आठला दादाला पाठव’ असं बोलावं. ऐकणाऱ्याचंही काम आहे. आठ वाजले की भीड न धरता उठायचं, ‘येतील की’ म्हणून कूस बदलायची नाही.

बेत बदलला तर तेवढंच कळवणं जरुरीचं. भोकरला बाजाराला म्हणून निघालेला माणूस परस्पर लेकीच्या गावी मुक्काम करतो आणि इकडं भाऊबंद बॅटऱ्या घेऊन विहिरी धुंडाळतात. दोनदा असं झालं की तिसऱ्यांदा कुणी उठत नाही, आणि त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. पावसाळ्यात पैनगंगेच्या पल्याड जाणाऱ्यानं तर हे पाळलंच पाहिजे. इसापूर धरणातून पाणी सोडलं की सकाळी ओलांडलेली वाट संध्याकाळी राहत नाही.

रानडुकरांसाठी कुंपणात करंट सोडणाऱ्यांना मात्र ‘शेजाऱ्याला सांगून सोडा’ असं मी म्हणणार नाही. तो गुन्हाच आहे. रात्री बांधावरून जाणारा शेजारी त्यात जातो.

पोलीस पाटील आणि सरपंच मंडळींना एक विनंती. माणूस हरवला तर चोवीस तास थांबावं लागतं, हा गावोगावी घट्ट बसलेला समज काढून टाका. कायद्यात अशी अट नाही. तक्रार लगेच देता येते, 112 वर फोनही करता येतो. दुसरं म्हणजे, कोणत्या आखाड्यावर कोण मुक्कामी असतं, तिथं जायची वाट कोणती, शेजारी कुणाचं शेत, याची एक साधी वही करा. एका दिवसाचं काम आहे, कोतवालांना सगळं तोंडपाठच असतं. फक्त ती वही ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवू नका, पोलीस पाटलांच्या घरी खुंटीला टांगा. रात्री दोन वाजता ग्रामपंचायतीची किल्ली कुणाकडं असते, हे शोधण्यातच तास जायचा.