बेरीज चुकली नव्हती

१/ १९६७ साली बीटल्सचा ‘सार्जंट पेपर’ लंडनच्या ॲबी रोडवरील स्टुडिओत बव्हंशी चार ट्रॅकच्या टेपवर मुद्रित झाला. सारे आवाज कन्सोलच्या विद्युत् मंडलातच एकत्र येत. दुसरा मार्ग नव्हता.

२/ १९९१मध्ये ‘प्रो टूल्स’ आले आणि पुढे ही बेरीज संगणक करू लागला. अनेकांना ते मिश्रण निर्जीव वाटले. त्यावर उपाय म्हणून ॲनालॉग समिंग मिक्सर आले: ट्रॅक संगणकाबाहेर काढायचे, मंडलात मिसळायचे, पुन्हा आत घ्यायचे.

३/ माझ्या मते, पुरेशा अचूकतेने केलेली संगणकाची बेरीज निर्दोषच असते. ट्रान्सफॉर्मर आणि ॲम्प्लिफायर ध्वनीत किंचित विकृती मिसळतात. तिलाच आपण ‘ऊब’ म्हणतो. ती आवडणे गैर नाही. मात्र आवडीलाच पुरावा मानणे इतिहासाच्या अभ्यासकाला शोभत नाही.