शिक्षेवर अपील केलंय? वरिष्ठांनी हे तीन प्रश्न तपासायलाच हवेत

समजा, संगमनेरच्या प्रांताधिकाऱ्यांनी एका तलाठ्याची वेतनवाढ रोखली. त्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील केले. काही महिन्यांनी एका ओळीचे उत्तर आले : ‘मुद्दे ग्राह्य नाहीत, अपील फेटाळले.’ हे नियमात बसते का? नाही.

मुदत किती?
राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, 1979 लागू आहेत. आदेशाची प्रत मिळाल्यापासून 45 दिवसांत अपील करायचे. सबळ कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो. जिल्हा परिषदेसाठी 1964 चे वेगळे नियम आहेत. तिथे मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या आदेशावरील अपील नाशिकच्या विभागीय आयुक्तांकडे जाते.

काय तपासतात?
चौकशी नियमानुसार झाली का? निष्कर्षाला नोंदीवरील पुराव्याचा आधार आहे का? शिक्षा योग्य, अपुरी की जास्त कडक? त्यानंतर शिक्षा कायम, कमी किंवा रद्द होते, अथवा प्रकरण परत पाठवले जाते. शिक्षा वाढूही शकते. मात्र आधी म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते.

कारणे का हवीत?
रामचंदर विरुद्ध भारत सरकार (1986) या प्रकरणात रेल्वे बोर्डाने अपील फेटाळताना नियमाचीच भाषा उतरवून काढली होती. सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि कर्मचाऱ्याची बाजू ऐकून सकारण निर्णय द्या, असे बजावले.

उत्तरच आले नाही तर?
सहा महिने वाट पाहून, पुढच्या एका वर्षात ‘मॅट’कडे जाता येते. अहिल्यानगरसाठी तिचे खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला आहे. जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांना मात्र उच्च न्यायालयातच जावे लागते.

आमचे म्हणणे
अपील हा सर्वांत जवळचा आणि स्वस्त मार्ग. एका ओळीचा आदेश कर्मचाऱ्याला शंभरहून अधिक किलोमीटरवर वकील शोधायला लावतो. शिवाय असा आदेश पुढे टिकला नाही, तर खरोखर दोषी असलेलाही सुटू शकतो आणि नुकसान जनतेचे होते. म्हणून तीन प्रश्नांना तीन परिच्छेदांत उत्तर देणे प्रत्येक अधिकाऱ्याला सक्तीचे करावे. तुम्हीही अपील लिहिताना तक्रारींचा पाढा वाचू नका. हेच तीन मथळे घ्या आणि पोहोच जपून ठेवा.