जिन्यातला बारा व्होल्टचा दिवा



आपल्या दौलताबादेत आता बऱ्याच गच्च्यांवर सोलरची पॅनल्स दिसतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सूर्यघर योजना आली, तीन किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान, बिलही उतरते. उत्तमच. पण माझ्या जाऊबाई परवा विचारत होत्या, "एवढे सोलर बसवले, मग लाईट गेली की घरात अंधार का?" बसवणाऱ्याने हे आधी सांगितलेच नव्हते म्हणे.

असे सोलर बहुधा बॅटरीशिवाय, थेट वीजमंडळाच्या लाइनला जोडलेले असते. लाइन गेली की तेही आपोआप बंद होते, भर उन्हातसुद्धा. खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या विजेचा झटका बसू नये, म्हणून ती सोय आहे. ती हवीच. पण आपल्या वयाच्या बायकांनी अंधारात जिना उतरायचा कसा? पर्यटक किल्ल्यातली अंधारी बघायला तिकीट काढून येतात, आपल्याला ती घरात नको.

माझे म्हणणे, बिलासाठी मोठे सोलर खुशाल बसवा, पण स्वयंपाकघर, देवघर, जिना आणि न्हाणीघर इथे छताला बारा व्होल्टचे एलईडी दिवे वेगळे लावा. लहान पॅनल, चार्ज कंट्रोलर, बॅटरी आणि दिवे. मध्ये इन्व्हर्टर नको. पॅनल आणि बॅटरीची वीज डीसी, एलईडीलाही आतून डीसीच लागते. इन्व्हर्टर तिची एसी करणार आणि दिव्यातला ड्रायव्हर पुन्हा डीसी. सुट्टे देऊन नोट घ्यायची, नोट मोडून पुन्हा सुट्टे, आणि दोन्ही वेळा बट्टा! कॉमर्सवालीला हे पटणे शक्य नाही. शिवाय दिवा लागो न लागो, चालू इन्व्हर्टर स्वतः थोडी वीज खातच असतो.

हिशेब बघा. सहा वॉटचे चार दिवे पाच तास म्हणजे १२० वॉट-तास. बारा व्होल्ट, २० अँपिअर-तासांच्या बॅटरीत २४० मावतात. पन्नास वॉटचे पॅनल चार तासांच्या चांगल्या उन्हात २०० च्या आसपास देते. पावसाळ्यात कमी. ज्यांची चूल सूर्यास्तापूर्वी बंद होते त्यांना उजेड लागतो तरी किती? प्रतिक्रमण, थोडा स्वाध्याय, आणि पहाटे पाणी गाळताना. तो मात्र नीट हवा, गाळण्यात काय आले ते दिसायला पाहिजे.

दिवा पिवळसर घ्या. पांढऱ्याशुभ्र, निळसर उजेडावर किडे जास्त येतात, आणि चातुर्मासात दिव्याखाली मेलेले पाखरू बघवत नाही. दुकानदार "पांढराच जास्त चालतो" म्हणेल. म्हणू दे.

वायरमनला दोन गोष्टी बजावा. बारा व्होल्टवर तेवढ्याच वॉटला करंट जवळजवळ वीसपट लागतो, म्हणून वायर अडीच एमएमची आणि अंतर कमी, नाहीतर शेवटचा दिवा मिणमिणतो. आणि बॅटरीजवळ फ्यूज हवाच. बारा व्होल्टचा झटका सहसा जाणवत नाही, पण शॉर्ट झाले तर वायर पेटू शकते. ही वायर घरच्या २३० व्होल्टच्या पाइपातून नेऊ देऊ नका, आणि दिव्यावर "१२ व्होल्ट डीसी" छापले आहे ना, हे चष्मा लावून स्वतः वाचा.