ओट्याची जागा

मुरबाडच्या जुन्या पेठेत दुकान पुढे आणि बिऱ्हाड मागे किंवा माडीवर, अशी घरे आपल्या वडीलधाऱ्यांनी बांधली. दुकान आणि रस्ता यांच्यामध्ये ओटा असे. दिवसा गिऱ्हाईक त्यावर टेके. संध्याकाळी चोविहार आटोपून घरातली मंडळी तिथे बसत आणि येणारा-जाणारा दोन शब्द बोलून पुढे जाई. ही रचना कोणी स्नेहवर्धनासाठी केली नव्हती. पावसाळ्यात पाणी मालापर्यंत येऊ नये म्हणून जोते उंच ठेवावे लागे, इतकेच.

आता कल्याणच्या रस्त्याकडे नवी संकुले उभी राहत आहेत. उजेड, हवा, लिफ्ट या सोयींना नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र तळमजला मोटारींना दिलेला, आणि फाटकाबाहेर महामार्गाची रहदारी. दुकानातून निवृत्त झालेले आजोबा सहाव्या मजल्यावर राहावयास जातात, तेव्हा पन्नास वर्षांचा गोतावळा पेठेतच राहतो. प्रकृती ठीक असते. बोलणे मात्र कमी होते.

नगररचनाकार डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी सॅन फ्रान्सिस्कोतील एकसारख्या वस्तीच्या तीन रस्त्यांची तुलना केली होती. तुरळक रहदारीच्या रस्त्यावरील रहिवाशाला त्याच रस्त्यावर सरासरी ३ मित्र होते. भरधाव रहदारीच्या रस्त्यावर ०.९.

आपल्या राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत ४,००० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडावर १० टक्के मोकळी जागा राखावी लागते. जुना वाडा पाडून होणारी इमारत बहुधा याहून पुष्कळच लहान भूखंडावर असते. तिथे निर्णय मालकाच्या आणि घर घेणाऱ्याच्या मर्जीवर राहतो. वाडा पुनर्विकासास देणारे आपणच, आणि फ्लॅट घेणारेही बहुतेक वेळा आपणच.

करार करताना आपण चौरस फुटांसाठी महिनोन् महिने घासाघीस करतो. त्यातच जिन्याच्या तोंडाशी, सर्वांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर, छताखाली आठ-दहा जणांची दगडी बैठक मागावी. मागच्या कोपऱ्यात चार कुंड्या मांडून त्यास बाग म्हणण्याने हे काम होत नाही. तिकडे कोणी फिरकत नाही. रस्त्याच्या बाजूस दुकाने ठेवता आली तर फारच उत्तम.

बिल्डर म्हणेल, एका मोटारीची जागा जाते. जाऊ द्यावी. मात्र बैठक मंजूर नकाशातच दाखवून घ्यावी. ताबा मिळाल्यानंतर ती मागून मिळत नाही.