बिनविरोधाची सवय

कारखान्याच्या फाटकापाशी सूचनाफलकावर एक कागद लागतो. संघटनेची वार्षिक सर्वसाधारण सभा अमुक तारखेस होणार असून तीत नवी कार्यकारिणी निवडण्यात येईल, एवढाच त्याचा मजकूर. पहिल्या पाळीचे कामगार बस गाठण्याच्या घाईत असतात, दुसऱ्या पाळीचे कामावर जाण्याच्या. सभेला पाचपन्नास माणसे जमतात, कोणी तरी जुनीच नावे वाचून दाखवतो, टाळ्या पडतात आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांकडे पत्रक येते की कार्यकारिणी बिनविरोध निवडून आली. अशी पत्रके आमच्याकडे वर्षानुवर्षे येत आहेत आणि आम्हीही ती इमानाने छापत आलो आहोत. एकूण सभासद किती आणि सभेस हजर किती, हा आकडा मात्र त्यांत क्वचितच आढळतो.

बिनविरोध निवड ही एकोप्याची खूण असू शकते, हे आम्ही नाकारत नाही. परंतु एकोपा आणि उदासीनता यांचे बाह्यरूप सारखेच दिसते, ही यातली अडचण आहे. पगारवाढीचा करार मनासारखा झाला नाही की "पुढाऱ्यांनी विकले" असे कुजबुजणारा कामगार त्या पुढाऱ्याच्या निवडीच्या दिवशी कुठे होता, असे विचारले तर बहुधा उत्तर मिळत नाही. वर्गणी पगारातून परस्पर कापली जाते, त्यामुळे पावतीपुस्तक घेऊन दारी येणाऱ्या कार्यकर्त्याशी पूर्वी जे चार शब्द होत तेही आता होत नाहीत. सभासदत्व हा पगारपत्रकावरचा एक रकाना होऊन बसला आहे.

आज हा विषय घेण्याचे कारण कायद्यात झालेला बदल हे आहे. औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आली आणि १९२६चा कामगार संघटना कायदा, १९४६चा स्थायी आदेशांचा कायदा व १९४७चा औद्योगिक विवाद कायदा हे तिन्ही तिच्या पोटात गेले. तिच्यातील संपाच्या नोटिशीची आणि कामगारकपातीची कलमे गाजली. त्यांवर मोर्चे निघाले. चौदाव्या कलमाची चर्चा मात्र कामगारवस्तीत फारशी पोचलेली दिसत नाही. एका आस्थापनेत एकाहून अधिक संघटना असतील तर हजेरीपटावरील एक्कावन्न टक्के वा अधिक कामगारांचा पाठिंबा असलेली संघटनाच मालकाशी वाटाघाटी करणारी एकमेव संघटना ठरेल, असे ते कलम सांगते. कोणाकडेच एक्कावन्न टक्के नसतील तर वाटाघाटी मंडळ बसेल आणि किमान वीस टक्के पाठिंबा असलेल्या संघटनांनाच त्यात जागा मिळेल. ही मान्यता तीन वर्षांची आणि उभयपक्षी ठरल्यास पाच वर्षांपर्यंतची.

याचा अर्थ सभासदांनी नीट समजून घेतला पाहिजे. आजवर एका संघटनेचे पुढारी पटले नाहीत तर कामगार दुसरा झेंडा हाती घेत असे. एकाच फाटकावर तीन तीन झेंडे फडकण्याचे हेही एक कारण होते. आता एक्कावन्न टक्क्यांची संघटना ठरली की निदान तीन वर्षे दुसऱ्या झेंड्याला वाटाघाटीच्या मेजावर जागा नाही. मग त्या काळात मेजावर बसणारा माणूस बदलायचा तर तो त्या एकाच संघटनेच्या आत, तिच्या निवडणुकीतूनच बदलावा लागेल. जी निवडणूक आपण टाळ्या वाजवून उरकत आलो, तिला या कलमाने एकाएकी वजन आणले आहे.

कायद्याने मानलेला प्रतिनिधी आणि कामगारांनी मानलेला प्रतिनिधी हे दोन निराळे झाले म्हणजे काय होते, याचा सर्वांत मोठा धडा मुंबईच्या गिरणगावाने दिला. १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यान्वये राष्ट्रीय मिल मजदूर संघ ही गिरण्यांतील एकमेव प्रातिनिधिक संघटना होती. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार दत्ता सामंतांच्या मागे संपावर गेले, तेव्हा सरकार आणि मालक याच तरतुदीकडे बोट दाखवत राहिले. संप फसण्याला इतरही कारणे होती. गिरणीधंदा आधीच खंगत चालला होता आणि यंत्रमागांनी त्याची जागा घेण्यास आरंभ केला होता. पण त्या अडीच लाखांना आपला प्रतिनिधी कोण हे पेटीत चिठ्ठी टाकून सांगण्याची सोय असती, तर निदान बोलणी कोणाशी करायची हा घोळ पहिल्याच आठवड्यात मिटला असता, असे आमचे मत आहे.

गुप्त मतदानाची ही मागणी काही नवी नाही. न्या. गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय श्रम आयोगाने १९६९च्या आपल्या अहवालात सदस्यसंख्येची पडताळणी की गुप्त मतदान या वादाचा ऊहापोह केला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९९५मध्ये अन्न महामंडळाच्या प्रकरणात गुप्त मतदानाची रीत घालून दिली. रेल्वेत संघटनांच्या मान्यतेसाठी असे मतदान २००७मध्ये प्रथम झाले, पुढे २०१३मध्ये आणि मग थेट डिसेंबर २०२४मध्ये. आपल्या वास्को ते कुळें मार्गावरचे रेल्वे कामगार दक्षिण-पश्चिम रेल्वेत मोडतात; त्यांना हा अनुभव आहे. मात्र हे सारे मतदान कोणती संघटना मान्य करायची यासाठी होते. त्या संघटनेचा अध्यक्ष आणि सरचिटणीस कोणी व्हायचे, हे गुप्त मतदानानेच ठरवा असे जुन्या केंद्रीय कायद्याने कधी सांगितले नाही आणि नवी संहिताही सांगत नाही. निवडीची रीत संघटनेच्या घटनेवर सोपवलेली आहे, आणि घटना म्हणजे निबंधकांकडे दाखल झालेली, सभासदांपैकी बहुतेकांनी न वाचलेली एक पुस्तिका.

हात वर करून मत देण्याची रीत लोकशाहीला शोभत नाही, असे आम्ही सरसकट म्हणणार नाही. वीस माणसांच्या संघटनेत ती चालेल. पाचशे कामगारांच्या कारखान्यात मात्र ज्याच्या हाती बदल्यांची, रजेची, मुलाला चिकटवून घेण्याची शिफारस आहे त्याच्या देखत त्याच्याविरुद्ध हात वर करायला छाती लागते. ती प्रत्येकापाशी असावी अशी अपेक्षा धरणे अन्याय्य आहे. मतदारयादी आठ दिवस आधी फलकावर लागावी, अर्ज भरण्यास पुरेशी मुदत मिळावी, मतपेटी प्रत्येक पाळीच्या सुटण्याच्या वेळी फाटकाशी असावी, मोजणीस प्रत्येक उमेदवाराचा माणूस असावा. यात अवघड किंवा खर्चिक असे काय आहे? गावच्या सहकारी सोसायटीची निवडणूक याहून अधिक काटेकोर होते.

बाहेरच्या पुढाऱ्याचा प्रश्न येथे ओघाने येतो. १९२६च्या कायद्याने निम्म्यापर्यंत पदे बाहेरच्यांना मोकळी ठेवली होती; २००१च्या दुरुस्तीने संघटित उद्योगांत ती मर्यादा एक-तृतीयांश किंवा पाच, यांतील कमी असेल तेवढ्यावर आणली आणि संहितेने ती कायम राखली. बाहेरच्यांना शिव्या घालण्याची हल्ली फॅशन आहे; आम्ही तीत सामील नाही. नारायण मेघाजी लोखंडे गिरणीतले भांडारपाल होते खरे, पण ना. म. जोशी गिरणीत कधी राबले नव्हते. गोव्यात तर पोर्तुगीज अमदानीत संप हा गुन्हाच होता. १९६१नंतर खाणींत आणि मुरगाव बंदरात संघटना उभारताना जॉर्ज वाझ यांच्यासारखे मुक्तिलढ्यातून आलेले कार्यकर्ते पुढे झाले नसते, तर कामगाराला मालकासमोर बसण्याची रीत तरी कोणी शिकवली असती? दोष बाहेरून येण्यात नाही, पुन्हा कधीच निवडून यावे न लागण्यात आहे. आणि असा पुढारी आयुष्यभर खुर्चीवर राहतो तो बहुतांशी आतल्या माणसाने अर्ज भरलेला नसतो म्हणून.

अर्ज का भरला जात नाही, याची कारणे प्रत्येक कारखान्यात ठाऊक असतात. व्यवस्थापनाच्या डोळ्यांत येण्याची भीती, हिशेब आणि कायदा कळत नसल्याचा संकोच, घरच्यांचा विरोध. स्त्री कामगारांच्या बाबतीत संध्याकाळी सातला ठेवलेली सभा हे एकच कारण पुरते. वेर्णा आणि कुंडई येथील वसाहतींत आणखी एक मोठा वर्ग आहे, तो ठेकेदारामार्फत आलेल्या कामगारांचा. एक्कावन्न टक्के मोजायचे ते हजेरीपटावर. ठेकेदाराच्या पटावरचा माणूस कोणत्या आस्थापनेत मोजायचा, हा वाद उद्या होणारच. जी संघटना आजपासून त्याला सभासद करून आपल्या निवडणुकीत मत देईल, तिच्याच पाठीशी उद्या त्याची संख्या उभी राहील. कायम कामगारांच्या जुन्या संघटनांना हे पटवून घेणे जड जाईल, याची आम्हांस कल्पना आहे.

खाणपट्ट्याला तर निवडणुकीची किंमत वेगळी सांगायला नको. सप्टेंबर २०१२मध्ये खाणी थांबल्या. पुढे त्या सुरू झाल्या, तोच ७ फेब्रुवारी २०१८च्या निकालाने अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि मार्चच्या मध्यापासून उत्खनन पुन्हा बंद पडले. अशा वेळी बोलणे बोनसचे नसते. अर्धा पगार की घरी बसणे, निवृत्तीची रक्कम किती, पुन्हा कामावर घेताना क्रम कोणाचा, हे विषय असतात. त्या आठवड्यात नवा पुढारी शोधायला सवड मिळत नाही. वर्षा-दोन वर्षांपूर्वी टाळ्यांच्या गजरात ज्याचे नाव वाचले गेले तोच वाटाघाटीला बसतो.

संहितेतील एका तरतुदीचे मात्र आम्ही स्वागत करतो. पदाधिकाऱ्यांच्या निवडणुकीवरून सभासद आणि संघटना यांच्यात वाद झाला, तर तो औद्योगिक न्यायाधिकरणापुढे नेता येईल. जुन्या केंद्रीय कायद्यात अशी स्वतंत्र यंत्रणा नव्हती. सभासदाला दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागे, आणि निकाल लागेपर्यंत कार्यकारिणीची मुदतही संपून जात असे. अर्थात न्यायाधिकरणाकडे न्यायचा वाद आधी निर्माण तरी व्हायला हवा. जिथे दुसरा अर्जच आला नाही, तिथल्या निवडणुकीविरुद्ध दाद कोण आणि कशाची मागणार?